बहुवारिकांची मिश्रणे

बहुवारिकांची मिश्रणे : एकाच किंवा थोड्याच घटकांच्या शेकडो वा हजारो पुनरावृत्तींनी ज्यांचे लांबलचक रेणू बनलेले असतात, अशा पदार्थांना बहुवारिके म्हणतात. सर्व प्लॅस्टिके व रबरे यांत मोडतात. दोन किंवा अधिक भिन्न बहुवारिके वितळलेल्या अवस्थेत एकत्र घुसळून जो पदार्थ मिळतो, ते बहुवारिकांचे मिश्रण होय. सहबहुवारिकांपासून ती वेगळी आहेत. सहबहुवारिकात भिन्न घटक एकाच रेणुशृंखलेत रासायनिक बंधांनी गुंफलेले असतात. मिश्रणात प्रत्येक शृंखला आपापल्या जातीची राहते. व्यापारात अशा मिश्रणांना ‘ॲलॉय’ म्हणजे मिश्रधातूचे नाव देण्याची पद्धत आहे. पण हे नाव बरेचसे फसवे आहे. तांबे व जस्त वितळवून एकत्र केले की पितळ होते आणि त्यात तांब्याचा कण वेगळा काढून दाखविता येत नाही. पॉलिथिलीन व पॉलिस्टायरीन एकत्र वितळवून कितीही घोटले, तरी थंड झाल्यावर एकात दुसऱ्याचे थेंब अडकलेले राहतात आणि तो तुकडा वाकविला असता पापुद्रे सुटतात.

प्लॅस्टिके एकमेकांत मिसळत नाहीत, हा नियम आहे आणि मिसळतात तो अपवाद. या विषयाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे हा नियम उमगण्याचा, त्याला वळसा घालण्याचा आणि शेवटी वापरून टाकलेल्या मालाच्या ढिगापाशी त्याच नियमाला पुन्हा सामोरे जाण्याचा इतिहास आहे. महाराष्ट्रात हे तिन्ही टप्पे एकाच ठिकाणी पाहावयाचे, तर छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या पश्चिमेस पुणे रस्त्यावर असलेल्या वाळूज औद्योगिक क्षेत्राकडे व त्यातील बजाजनगर या कामगार वसाहतीकडे पाहावे लागते. तेथे मोटारसायकली व तीनचाकी रिक्षा बनतात आणि अशा वाहनाचा जो भाग पत्र्याचा नसतो, तो पुष्कळदा अशा मिश्रणाचा असतो.

आरंभीचे प्रयत्न : एका बहुवारिकाची उणीव दुसऱ्याने भरून काढण्याची कल्पना बहुवारिक म्हणजे काय हे कळण्याच्या कितीतरी आधीची आहे. १८४० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये टॉमस हॅंकॉक, अलेक्झांडर पार्क्स इत्यादींनी नैसर्गिक रबर व गटापर्चा एकत्र करून जलाभेद्य कापडासाठी लेप तयार केले होते. रबर उन्हाळ्यात चिकट होई, गटापर्चा थंडीत कडक होई; दोहोंच्या मिश्रणाने मधला मार्ग सापडला. हे दोन्ही पदार्थ रासायनिक दृष्ट्या सख्खे भाऊच आहेत, हे पुढे कळले. सु. १८७० मध्ये अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी तयार केलेल्या सेल्युलॉइडमध्ये नायट्रोसेल्युलोज व कापूर मिसळलेले होते. पण कापराचा रेणू लहान असल्याने तो प्लॅस्टिकीकारक ठरतो, दुसरे बहुवारिक नव्हे.

मिसळण्यास नकार देणाऱ्या जोडीची पहिली स्पष्ट नोंद प्लॅस्टिकांच्या नव्हे, तर स्वयंपाकघराच्या अधिक जवळच्या पदार्थांची आहे. १८९६ मध्ये मार्टिनस बायेरिंक या डच सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञांनी जिलेटिन व आगर यांचे पाण्यातील विद्राव एकत्र केले. दोन्ही पाण्यात विरघळणारे. तरीही ते एकजीव न होता एकाचे थेंब दुसऱ्यात तरंगत राहिले. पाणी दोघांनाही सामावून घेत होते, पण ते परस्परांना सामावून घेत नव्हते. या निरीक्षणाचे महत्त्व सु. पन्नास वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. मध्यंतरी १९०७ मध्ये लिओ बेकलंड यांचे बेकेलाइट आले आणि १९२० मध्ये हेरमान श्टाउडिंगर यांनी असे पदार्थ लहान रेणूंचे पुंजके नसून खरोखरच प्रचंड लांब रेणूंचे बनलेले असतात, हे मत मांडले. ते स्वीकारले जाण्यास दशकभर लागले व त्याबद्दलचे नोबेल पारितोषिक त्यांना १९५३ मध्ये मिळाले. रेणू लांब आहे, ही गोष्ट मान्य झाल्याशिवाय बायेरिंक यांच्या थेंबांचा उलगडा होणे शक्यच नव्हते.

न मिसळण्याचे कारण : हा उलगडा १९४१-४२ मध्ये मॉरिस हगिन्स व पॉल फ्लोरी यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलेल्या गणितातून झाला. दोन पदार्थ आपण होऊन मिसळण्यामागे सामान्यतः दोन गोष्टी असतात. एक म्हणजे त्यांच्या रेणूंमधील आकर्षण किंवा अनाकर्षण व दुसरी म्हणजे मिसळल्याने वाढणारी अव्यवस्था, म्हणजेच एंट्रॉपी. मूठभर पांढरे तीळ व मूठभर काळे तीळ एका डब्यात घालून हलविले, तर ते मिसळतात. त्यांना परस्परांची ओढ असते म्हणून नव्हे, तर मिसळलेल्या स्थितीत राहण्याचे प्रकार अगणित आणि वेगळे राहण्याचे प्रकार मोजके असतात म्हणून. आता हेच काळे व पांढरे मणी हजार-हजारांच्या माळांत ओवलेले आहेत असे समजावे. एक मणी हलला की शेजारच्या मण्याला त्याच्या मागोमाग जावे लागते. मांडणीचे प्रकार एकदम घटतात आणि माळ जितकी लांब, तितके ते अधिक घटतात. मिसळण्याने मिळणारा एंट्रॉपीचा लाभ रेणूच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जातो. हजारो घटकांच्या शृंखलांच्या बाबतीत तो जवळजवळ शून्य होतो. मग दोन जातींच्या घटकांमध्ये किंचितशी नावड असली, तरी तिच्यावर मात करण्यास काहीच उरत नाही.

पॉलिथिलीन व पॉलिप्रोपिलीन यांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. दोन्ही केवळ कार्बन व हायड्रोजन यांची बनलेली, दोन्ही मेणासारखी गुळगुळीत, दोन्ही पाण्यावर तरंगणारी. पण वितळवून मिसळली असता तीही वेगळी होतात. ‘समान समानाला विरघळविते’ हा रसायनशास्त्रातील सर्वपरिचित ठोकताळा येथे अपुरा पडतो. सारखेपणा येथे पुरत नाही. एकतर तंतोतंत एकरूपता हवी किंवा परस्परांविषयी प्रत्यक्ष ओढ हवी.

१९४७ मध्ये फ्रान्समध्ये डॉब्री व बॉयर-कावेनोकी या संशोधकांनी बहुवारिकांच्या पस्तीस जोड्या सामाईक विद्रावकांत विरघळवून तपासल्या. बहुतेक सर्व जोड्यांचे दोन थर झाले. एकजीव राहिलेल्या जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. बायेरिंक यांचे थेंब हा अपवाद नसून नियम आहे, हे या प्रयोगांनी सिद्ध केले. फ्लोरी यांना त्यांच्या बहुवारिकविषयक कार्याबद्दल १९७४ मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले.

उद्योगाची वाट : सिद्धांत ‘मिसळत नाहीत’ असे सांगत असताना कारखान्यांत मात्र मिसळण्याचे काम चालूच होते आणि त्याला यशही येत होते. यात विसंगती नाही. एकजीव होणे व उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तंत्रज्ञांना सिद्धांतकारांच्या आधी उमगले होते, असेच म्हणावे लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ च्या सुमारास, पॉलिव्हिनिल क्लोराइड व नायट्राइल रबर यांचे मिश्रण अमेरिकेत बाजारात आले. तेलकट प्लॅस्टिकीकारक काळाच्या ओघात पाझरून निघून जात व वस्तू कडक होई. रबराचा लांब रेणू निघून जाऊ शकत नव्हता. ही जोडी सुदैवाने बरीचशी मिसळणाऱ्यांपैकी होती. पॉलिस्टायरीनची कथा वेगळी आहे. ते स्वच्छ, स्वस्त व साच्यात घालण्यास सोपे. पण काचेसारखे फुटणारे. त्यात रबराचे सूक्ष्म कण पेरले असता तडा जाऊ लागला, की तो प्रत्येक कणापाशी अडतो, फाटे फोडतो आणि आपली ऊर्जा हजारो बारीक केशतड्यांत खर्च करून बसतो. रबर जर पॉलिस्टायरीनमध्ये पूर्णपणे मिसळले असते, तर केवळ मऊ प्लॅस्टिक मिळाले असते, चिवट नव्हे. येथे न मिसळणेच उपकारक ठरले. याच तत्त्वावर १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आघातसह पॉलिस्टायरीन व ॲक्रिलोनायट्राइल-ब्युटाडाइन-स्टायरीन (एबीएस) ही प्लॅस्टिके तयार झाली. आरंभीचे एबीएस हे रबर व प्लॅस्टिक यांचे नुसते यांत्रिक मिश्रण होते आणि ते समाधानकारक नव्हते, कारण कण व त्याभोवतीचे प्लॅस्टिक यांची पकड कच्ची होती. १९५० नंतरच्या दशकात रबराच्या शृंखलेवरच प्लॅस्टिकच्या शृंखलांचे कलम करण्याची पद्धत आली आणि मगच त्याला आजचे रूप प्राप्त झाले.

खऱ्या अर्थाने एकजीव होणाऱ्या जोडीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण यानंतर सापडले. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ॲलन हे यांनी १९५६ मध्ये पॉलिफिनिलीन ऑक्साइड तयार केले. त्याचे काचसंक्रमण तापमान (ज्याच्याखाली अस्फटिकी बहुवारिक काचेसारखे कडक असते ते तापमान) सु. २१०° से. होते. उष्णता सोसण्याच्या दृष्टीने हा गुण. पण तेवढ्यासाठीच ते साच्यात घालणे अतिशय अवघड जाई व त्या तापमानात ते खराबही होई. योगायोगाने असे आढळले, की ते सामान्य पॉलिस्टायरीनमध्ये कोणत्याही प्रमाणात मिसळते. पॉलिस्टायरीनचे काचसंक्रमण तापमान सु. १००° से. आहे, निम्मेनिम्मे मिश्रणाचे सु. १५०° से.च्या आसपास येते आणि ते एकच असते. मिश्रण एकजीव आहे की नाही, याची ही कसोटीच मानली जाते : एकजीव मिश्रणास एक काचसंक्रमण तापमान, न मिसळलेल्यास घटकांची दोन. ‘नोरिल’ या नावाने १९६६ पासून विकले जाऊ लागलेले हे मिश्रण अतोनात यशस्वी झाले. महाग व हट्टी बहुवारिक स्वस्त व साध्या बहुवारिकाच्या संगतीने बाजारात उभे राहिले, हे पाहून जगभरच्या प्रयोगशाळांनी जोड्या शोधण्यास प्रारंभ केला. असे भाग्य पुन्हा फारसे कोणाला लाभले नाही.

संयोजी द्रव्ये : जोड्या सापडेनात, तेव्हा लक्ष सीमेकडे वळले. तेल व पाणी मिसळत नाहीत. परंतु रिठ्याचे पाणी घातले, की तेलाचे थेंब बारीक होऊन टिकून राहतात, कारण रिठ्यातील सॅपोनिनाच्या रेणूचे एक अंग पाण्याला व दुसरे तेलाला धरून असते. बहुवारिकांच्या बाबतीत हे काम दोन भिन्न खंड जोडून बनविलेले खंडित सहबहुवारिक करते. त्याचा एक खंड एका प्लॅस्टिकात, दुसरा दुसऱ्यात रुततो. सीमेवर टाके घातल्यासारखे होते. औरंगाबादच्या हिमरू कापडात सुती ताणा व रेशमी बाणा असतो. सूत सूतच राहते व रेशीम रेशीमच, तरीही कापड एक असते. संयोजी द्रव्य घातलेले मिश्रण हे पितळापेक्षा हिमरूच्या अधिक जवळचे आहे.

खंडित सहबहुवारिक वेगळे बनवून आणणे खर्चाचे असल्याने ते घुसळतानाच जागच्या जागी तयार करण्याची युक्ती पुढे निघाली. नायलॉनमध्ये नुसते रबर घातले तर ते ओठंगून राहते. परंतु रबराच्या शृंखलेवर आधी थोडेसे मॅलेइक ॲनहायड्राइड बसविले, तर नायलॉनच्या शृंखलेच्या टोकाचा अमाइन गट त्याच्याशी बद्ध होतो आणि यंत्रातील एक-दोन मिनिटांच्या घुसळणीत सीमेवर हवे तेवढे टाके पडतात. अमेरिकेतील ड्यूपॉंट कंपनीने या पद्धतीने बनविलेले अतिचिवट नायलॉन १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास बाजारात आणले. १९८५ मध्ये त्याच कंपनीतील सूहेंग वू यांनी दाखवून दिले, की चिवटपणा हा रबराच्या प्रमाणावर किंवा कणांच्या आकारावर सुटेपणाने अवलंबून नसून लगतच्या दोन कणांमधील अंतरावर अवलंबून असतो. हे अंतर सु. ०.३ मायक्रॉनपेक्षा कमी झाले, की ठिसूळ नायलॉन एकाएकी चिवट होते.

एवढे बारीक कण पाडणे हे रसायनाइतकेच यंत्राचे काम आहे. ज्येफ्री टेलर यांनी १९३० नंतरच्या दशकात प्रवाहातील थेंब कसे ताणले जातात व तुटतात, याचे गणित मांडले होते. त्यातून पुढे असे निष्पन्न झाले, की थेंबाची श्यानता भोवतालच्या द्रवाच्या सु. चौपटीहून अधिक असेल, तर साध्या कर्तन-प्रवाहात तो कितीही घुसळला तरी तुटत नाही, नुसता गरगरतो. पातळ ताकात घट्ट लोण्याचा गोळा फिरत राहावा, तसा. म्हणून दोन्ही घटकांची वितळलेल्या स्थितीतील श्यानता जुळवून घेणे व ताण देणाऱ्या द्विमळसूत्री बहिःसारण यंत्राचा वापर करणे, या गोष्टी मिश्रणाच्या कारखान्यात रासायनिक सूत्राइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

महाराष्ट्रातील वाटचाल : भारतात बहुवारिकांचे उत्पादन प्रामुख्याने मुंबई परिसरात सुरू झाले. पॉलिकेम कंपनीने १९५७ मध्ये पॉलिस्टायरीन, युनियन कार्बाइडने तुर्भे (ट्रॉम्बे) येथे १९५९ मध्ये कमी घनतेचे पॉलिथिलीन व पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजने ठाणे येथे १९६८ मध्ये अधिक घनतेचे पॉलिथिलीन बनविण्यास प्रारंभ केला. पॉलिप्रोपिलीन १९७८ मध्ये बडोद्याहून येऊ लागले. मिश्रणांचा विचार साहजिकच यानंतरचा. ज्या देशात एकेक बहुवारिकच दुर्मिळ होते, तेथे दोन मिसळण्याचा प्रश्न उद्‌भवला नव्हता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) व्ही. एम. नाडकर्णी, जे. पी. जोग व त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात पॉलिफिनिलीन सल्फाइडची इतर अभियांत्रिकी बहुवारिकांबरोबरची मिश्रणे आणि मिश्रणात स्फटिकीभवन कसे बदलते, यांचा अभ्यास केला. स्फटिकी बहुवारिकाचे मिश्रण थंड होताना एका घटकाचे स्फटिक दुसऱ्याच्या सान्निध्यात लवकर वा उशिरा बनतात आणि साच्यातून वस्तू काढण्याचा वेळ त्यानुसार बदलतो. प्रश्न दिसावयास शास्त्रीय. उत्तर थेट कारखानदाराच्या हिशेबात जाऊन पडते.

वाळूज येथे बजाज ऑटो कंपनीच्या कारखान्याची पायाभरणी १९८४ मध्ये झाली व नोव्हेंबर १९८५ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याच्या आसपास सुटे भाग पुरविणारे अनेक लहानमोठे उद्योग उभे राहिले. व्हॅरॉक समूहाचा प्रारंभही १९९० मध्ये येथेच प्लॅस्टिकचे भाग बनविण्यापासून झाला. कारखान्याच्याच नावाने ओळखले जाणारे बजाजनगर हे वडगाव कोल्हाटी या खेड्याच्या शेजारी वाढले आणि मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यातून आलेल्या तरुणांचे ते गाव झाले. शेती सोडून आलेल्या या पिढीने साचा, हॉपर, दाणा, ग्राइंडर हे शब्द आत्मसात केले. प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाला ‘दाणा’ हा शब्द व्यापारात रूढ आहे. ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यातून आलेल्यांना तो शिकवावा लागला नसावा.

पत्र्याच्या जागी प्लॅस्टिक आले ते वजन, गंज व आकार यांच्या सोयीसाठी. परंतु कोणतेही एक प्लॅस्टिक वाहनाच्या सर्व गरजा भागवीत नाही. पॉलिप्रोपिलीन स्वस्त व हलके असते. पण त्याचे काचसंक्रमण तापमान ०° से.च्या आसपास असल्याने थंडीत ते ठिसूळ होते. मराठवाड्याच्या हिवाळ्यात याची झळ लागत नाही. वाहने मात्र काश्मीर व हिमाचल प्रदेशातही जातात. म्हणून चिखलरोधक (मडगार्ड) किंवा बंपर यांसाठी त्यात एथिलीन-प्रोपिलीन जातीचे रबर मिसळतात. बाजूची आवरणे, दिव्याचे घर यांसाठी एबीएस चालते, कारण त्याचा पृष्ठभाग चकचकीत येतो व रंग चांगला धरतो. त्याचे वैगुण्य उन्हात दिसते : ब्युटाडाइन रबरातील द्विबंधांवर ऑक्सिजन व सूर्यप्रकाश यांचा परिणाम होऊन ते पिवळे व भुकटे पडते. चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या येथील उन्हाळ्यात बिनरंगाचे एबीएस फार काळ टिकत नाही. त्यास रंगाचा थर द्यावा लागतो किंवा द्विबंधरहित रबराचे प्लॅस्टिक निवडावे लागते. जेथे अधिक उष्णता व आघात सोसावयाचे असतात, तेथे पॉलिकार्बोनेट व एबीएस यांचे मिश्रण वापरतात. पॉलिकार्बोनेट चिवट व उष्णतासह. पण वितळल्यावर घट्ट. एबीएसमुळे ते साच्याच्या कानाकोपऱ्यांत पोहोचते. ही दोन एकजीव होत नाहीत. परंतु त्यांची पकड संयोजी द्रव्यावाचूनही बऱ्यापैकी बसते. असे शेजारी विरळा.

कारखान्यातील प्रत्यक्ष अनुभव मात्र बहुतांशी नको असलेल्या मिश्रणाचा असतो. अंतःक्षेपण यंत्रावर एक माल संपवून दुसरा सुरू करताना नळकांडे पूर्ण साफ केले नाही, तर पहिल्या मालाचा उरलेला अंश नव्या वस्तूत उतरतो. वस्तू बाहेरून निर्दोष दिसते. खिळ्याची पकड किंवा स्क्रूचे भोक येथे ताण आला की पापुद्रा सुटतो. साच्यातील वाहिन्यांत उरलेले तुकडे व नापास झालेल्या वस्तू दळून पुन्हा वापरण्याची रीत सार्वत्रिक आहे. या दळलेल्या मालाच्या पोत्यात दुसऱ्या जातीचे एखाददुसरे घमेले पडले, की सबंध पोते वाया जाऊ शकते. यंत्रावरील कामगार दाण्याच्या पोत्यांवर जातीचे नाव खडूने लिहितो, यामागे फ्लोरी व हगिन्स यांचे समीकरण आहे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. चूक झाल्यास काय होते, हे मात्र त्याला पुस्तकांपेक्षा अधिक बारकाईने ठाऊक असते.

टाकाऊ माल व वर्गवारी : कारखान्यात दोन जाती वेगळ्या ठेवणे शक्य असते. घरांतून बाहेर पडणाऱ्या कचऱ्यात त्या आधीच एकत्र झालेल्या असतात. प्लॅस्टिक पुन्हा वितळविता येते म्हणून त्याचे पुनर्चक्रीकरण सोपे, हा समज एका जातीच्या मालापुरताच खरा आहे. मिश्र मालापासून वाकविल्यावर तुटणारी, जाड व हलक्या प्रतीची वस्तूच मिळते. काही जोड्या तर घातक ठरतात. पाण्याच्या बाटल्यांचे पॉलिएस्टर (पेट) २६०° ते २८०° से. तापमानास वितळवितात, त्यात पॉलिव्हिनिल क्लोराइडचे थोडेसेही तुकडे असले, तर ते त्या तापमानात विघटित होऊन हायड्रोक्लोरिक अम्लाची वाफ सोडतात, पॉलिएस्टरच्या शृंखला तुटतात व यंत्रही गंजते.

म्हणून भंगाराच्या धंद्याचे सारे अर्थशास्त्र वर्गवारीवर उभे आहे. मुंबईत धारावी येथे व राज्यातील प्रत्येक मोठ्या शहरात ही वर्गवारी हातांनी होते आणि ती करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. त्यांच्या कसोट्या प्रयोगशाळेबाहेरच्या असल्या, तरी अचूक आहेत. तुकडा आपटला असता पॉलिस्टायरीन खणखणते, पॉलिथिलीन बद्द वाजते. पाण्यात टाकले असता पॉलिथिलीन (घनता ०.९१ ते ०.९६) व पॉलिप्रोपिलीन (सु. ०.९०) तरंगतात; पॉलिस्टायरीन (१.०५), पॉलिकार्बोनेट (१.२०) व पॉलिएस्टर (१.३८) बुडतात. त्यामुळे बाटली व तिचे बूच दळून टाकीत टाकले, की बूच वर व बाटली खाली राहते. शेवटची कसोटी जाळण्याची. पॉलिथिलीन विझल्यावर मेणबत्तीचा वास येतो, नायलॉनला जळक्या केसांचा, पॉलिस्टायरीन काजळी सोडते. तापविलेल्या तांब्याच्या तारेला पॉलिव्हिनिल क्लोराइड लावून ज्योतीत धरल्यास हिरवी झाक दिसते. ही फ्रीड्रिख बायलश्टाइन यांची १८७२ ची परीक्षा होय. रोज दिवसभर या धुराचा वास घेऊन जात ओळखणाऱ्यांच्या फुप्फुसांवर काय परिणाम होतो, याचा विचार दाण्याच्या भावात धरलेला नसतो.

१९८८ मध्ये अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने बाणांच्या त्रिकोणात एक ते सात आकडे घालण्याची पद्धत सुरू केली व ती पुढे भारतातही आली. यांतील पहिले सहा आकडे सहा परिचित प्लॅस्टिकांचे, सातवा ‘इतर’. बहुतेक मिश्रणे व अनेक थरांची वेष्टने या सातव्या घरात जातात आणि या घरातील मालाला सहसा गिऱ्हाईक नसते. खाद्यपदार्थांच्या पुडीत पॉलिएस्टर, ॲल्युमिनियम व पॉलिथिलीन यांचे थर चिकटविलेले असतात. प्रत्येक थराचे काम वेगळे व एकही सहजपणे सुटणारा नाही. महाराष्ट्र शासनाने अविघटनशील कचरा (नियंत्रण) अधिनियम, २००६ खाली मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या व काही वस्तूंवर बंदी घातली. त्याच सुमारास औरंगाबादेत नारेगाव येथील कचरा डेपोला ग्रामस्थांनी विरोध केल्याने शहराचा कचरा कित्येक आठवडे रस्त्यांवर साचून राहिला होता. ओला व सुका कचराच जेथे वेगळा होत नव्हता, तेथे सुक्या कचऱ्यातील सात जाती वेगळ्या होण्याची अपेक्षा व्यर्थच होती. पिशवीवरील बंदीने पुडीचा प्रश्न सुटला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

संयोजी द्रव्यांच्या संशोधनाला या प्रश्नामुळे नवे महत्त्व आले आहे. अमेरिकेतील कॉर्नेल व मिनेसोटा या विद्यापीठांतील संशोधकांनी २०१७ मध्ये पॉलिथिलीन व पॉलिप्रोपिलीन यांचे खंड आलटून पालटून असलेले चार खंडांचे सहबहुवारिक तयार केले. एरवी ठिसूळ ठरणाऱ्या या दोहोंच्या मिश्रणात ते केवळ एक टक्का घातले असता मिश्रण चिवट झाले. असे द्रव्य कचऱ्यातील प्रत्येक जोडीसाठी वेगळे लागते आणि कचऱ्यात एकच जोडी कधी नसते, ही त्याची मर्यादा होय.

वाहनांच्या बाबतीत भागाच्या आतल्या बाजूस त्यातील बहुवारिकांची संक्षिप्त नावे उमटविण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. बाजूचे आवरण काढून उलटे केले, तर ‘पीसी+एबीएस’ किंवा ‘पीपी+ईपीडीएम’ या अर्थाची रोमन अक्षरे कोनी कंसांत दिसतात. मोडीत निघालेल्या वाहनातून हे भाग अखंड निघाले, तर ती अक्षरे उपयोगी पडतात. भाग फुटलेले किंवा दळलेले असले, तर पुन्हा पाण्याची टाकीच उरते आणि तीही येथे फसविते. कडकपणासाठी शेकडा वीस टक्के शंखजिऱ्याची पूड घातलेल्या पॉलिप्रोपिलीनची घनता १.०४ च्या आसपास होते. एबीएसची तितकीच असते. दोन्ही तळाशी एकत्र बसतात. त्यांना वेगळे करण्यासाठी काही ठिकाणी मिठाचे पाणी तोलून वापरतात. इतरत्र तळाचा हा गाळ स्वस्तात विकला जातो.